खिशाच्या मापाची बॅटरी

जरीना, परवा पिंपरी कॅम्पातल्या त्या दुकानात एकटीच गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. दुकानदारानं ओळखलं मला. म्हणाला, आज टेपवाल्या ताई नाही आल्या? मी नाही म्हटलं आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्यानं बॅटऱ्या काढून मांडल्या. जाड्या, बारीक, चार्जिंगच्या, सेलच्या, बटण बाजूला असलेल्या, बटण बुडाशी असलेल्या. मी एकेक उचलायची आणि खाली ठेवायची. हातात काय आहे तेच डोक्यात शिरत नव्हतं. मागचं गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा बाजूला झाले आणि बसस्टॉपवर जाऊन बसले. रहाटणीकडच्या बस येत होत्या, जात होत्या. मला उठवेना.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण रडायलाही अंगात जोर लागतो, आणि माझा तो तुझ्या दवाखान्याच्या फेऱ्यांतच संपला. आता नुसती दमलेय. भाकरी थापताना दमते, कुणी 'कसं झालं हो' विचारलं की दमते. गल्लीतल्या बायका तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात तेव्हा तर फारच. त्यांच्या बोलण्यातली जरीना मला ओळखूच येत नाही. ती कुणावर खेकसत नाही, आणि लोकांचे ब्लाउज सणाच्या आधी वेळेवर देते.

बॅटरी घेणं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. घेतली तर सोमवारपासून पुन्हा पहिल्या पाळीला चाकणला जायचं. नाही घेतली तर नोकरी सोडायची. घरात सध्या एवढाच विषय आहे. मी गल्लीत खणलेल्या त्या चारीत पडले तेव्हापासून दत्ता 'सोड' म्हणतोय, फरक एवढाच की आता नवरेपणाचा आवाज लावत नाही. त्या दिवशी जेवताना अगदी शांतपणे म्हणाला, "आता जरीनाभाभी पण नाहीत. कुणाच्या जिवावर जायलीस अंधारात?" त्याच्यावर चिडावं असं त्यात काही नव्हतं. तेच जास्त जड गेलं. स्नेहल खाली मान घालून भात चिवडत बसली. तिचं ताथवड्याचं कॉलेज अजून संपायचंय, आणि ते कुणाच्या पगारावर चालतं हे तिला ठाऊक आहे. ती तरी काय बोलणार.

खरं तर तुझी-माझी ओळख त्या चारीनंच करून दिली. तोवर तू गल्लीच्या तोंडाशी राहणारी शिवणवाली भाभी आणि मी दिवाळीच्या तोंडावर ब्लाउज टाकून जाणारी परभणीवाली. गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवलेली, खणताना केबल तुटलेली, त्यामुळे खांबावरचे दिवे बंद. थंडीचे दिवस, पहाट म्हणजे मिट्ट काळोख. मी मोबाइलचा उजेड पाडत कंपनीची बस गाठायला निघाले होते. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला, ताई कुठवर आलात. मी सवयीनं फोन कानाला लावला. उजेड गेला कानाला आणि पाय गेला चारीत.

तू नमाज आटोपून दारात आली होतीस. धावत आलीस, काखेत हात घालून मला वर ओढलंस आणि तुझ्या खोलीत नेऊन मशिनच्या स्टुलावर बसवलंस. आधी गुडघा पाहिलास. मग त्याहून जास्त वेळ सलवार पाहिलीस आणि म्हणालीस, फाटली न्हाई, नुसती उसवलीय. मला गुडघ्याची कळ आणि हसू दोन्ही एकदम आलं. हळद लावता लावता तू जे बोललीस ते नंतर मी कंपनीत लाइनवरच्या सगळ्या बायकांना ऐकवलंय. "उजेडाची वस्तू निराळी ठिव आन बोलायची निराळी. दोनी एकात घातलं की असंच व्हतंय."

दत्ता मला न्यायला आला आणि तुझ्याच दारात उभा राहून 'सोड ती नोकरी' म्हणाला. तुझी त्याची तोवर धड ओळखही नव्हती. तुझे मालक सलीमभाई आत चहा पीत होते, त्यांच्यादेखत तू त्याला विचारलंस, "दत्ताभाऊ, खड्डा रस्त्यात हाय का हिच्या नोकरीत?" सलीमभाईंनी कप तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. गाडीत घालायच्या वायरींच्या जुड्या बांधायचं माझं काम, त्यात मोठं काही नाही, हे तुला मीच कितीदा सांगितलंय. पण त्या सकाळी माझ्या नोकरीच्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं, आणि ते कुणीतरी म्हणजे अजून पुरतं नावही माहीत नसलेली एक बाई होती. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, मानले असते तर तू 'चल, नाटकी' म्हणाली असतीस.

मग सुरू झालं आपलं बॅटरीपुराण. दोघींच्या गावी टॉर्चला बॅटरीच म्हणतात, तुझ्या मावळात आणि माझ्या परभणीकडे, एवढी एकच गोष्ट आपल्यात सारखी निघाली. मी स्नेहलला सांगितलं, खिशात मावेल अशी बारीक बॅटरी मागव. पोरीनं मोबाइल चार्ज करायचा चपटा डबा मागवला. तू तो चारी बाजूंनी दाबून पाहिलास, उलटा केलास, कानाशी हलवून पाहिलास आणि निकाल दिलास की ही पेटतच न्हाई, परत कर. स्नेहल हसून हसून खाली बसली. तिनं समजावलं की याला बॅटरी म्हणतात आणि तुम्हाला हवा तो टॉर्च. तू म्हणालीस, आमची बॅटरी आदी आली जगात, तुमच्या डब्यानं नाव बदलावं.

दुसरी घोडचूक माझी मीच केली. रस्त्यावरच्या गाडीवरून प्लास्टिकची बॅटरी घेतली, बाजूला बटण असलेली, आणि ठेवायला जागा नाही म्हणून ड्रेसच्या गळ्यात खोचली. खिसा आपल्या नशिबात नाहीच ना. तयार ड्रेसला नसतो. कंपनीच्या कोटालाही मुद्दाम ठेवत नाहीत, चुकून एखादा सुटा भाग बाहेर जायला नको म्हणून. तर बसमध्ये दिवे बंद, सगळ्या पेंगलेल्या, आणि माझी छाती एकदम उजळली. पर्स पोटाशी धरताना बटण दाबलं गेलं होतं. मला पत्ताच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, कमलताई, आत गणपती बसवलाय का? मोशी येईस्तोवर बस हसत होती. संध्याकाळी तुला सांगितलं तर तुझा पाय मशिनवरून सुटला, दोरा तुटला, आणि ज्या कुणाचा ब्लाउज खाली होता त्याच्या बाहीवर वाकडी टीप पडली ती वेगळीच.

पण हसणं थांबल्यावर तू कामाला लागलीस. म्हणालीस, आदी बॅटरी घेऊ, मंग तिच्या मापाचा खिसा. मी म्हणत होते आधी खिसा शिव, मग त्यात मावेल ती घेऊ. यावर आपण दोन संध्याकाळी घालवल्या. तुझं म्हणणं, अंगाचं माप घेतल्याबिगर कुणी कापड कापतं का? शेवटी मला घेऊन पिंपरीला निघालीस, गळ्यात टेप तशीच. बसमध्ये मी सांगितलं, टेप काढ, लोक बघायलेत. तू म्हणालीस, बगू दे, डॉक्टर न्हाई का गळ्यात घालून फिरत.

त्या दुकानदारानं आयुष्यात तसलं गिऱ्हाईक पाहिलं नसेल. तू बॅटऱ्यांची मापं घेतलीस. घेर, उंची, मानेशी किती, बुडाशी किती. तो लकलक करणारा उजेड दाखवायला लागला, तांबडा, हिरवा, तर तू विचारलंस, वरातीत न्यायचीय का हिला? मग माझ्या कमरेशी एकेक बॅटरी धरून मला दुकानातच उकिडवं बसायला लावलंस. बस, ऊठ, परत बस. जी पोटात टोचली ती बाद. जिचं बटण बसताना दाबलं गेलं ती बाद. चार्जिंगवाली मला हवी होती, मोबाइलच्याच वायरीवर चालते म्हणून. तू म्हणालीस, तू मोबाइल चार्ज करायचं विसरतीस, हिला कोण आठवण करणार, सेल संपला तर किराणावाल्याकडं मिळतो. आणि माझा मोबाइल तेव्हाही बंद पडलेला होता.

शेवटी दोन उरल्या आणि तिथं आपलं खरं भांडण झालं. एक लोखंडी, मनगटाएवढी जाड, चार्जिंगची, लांबवर झोत मारणारी. दुसरी बोटाएवढी, एका पेन्सिल सेलवर चालणारी, डोकं फिरवलं की लागणारी. मला जाडी हवी होती. गल्लीत कुत्री असतात, माणसंही असतात, हातात काहीतरी दणकट असावं. तू ती हातात तोलून परत ठेवलीस. "ही बॅटरी हाय का मुसळ? हाणायचंच असंल तर लाटणं घिऊन जा. जी खिशात न्हाई मावत ती घरी ऱ्हाती, आन घरी ऱ्हायलेल्या बॅटरीचा चारीत काय उपेग?" वर दुकानदाराला ऐकवलंस, नाकापेक्षा मोती जड. तो बिचारा हसून बारीक बॅटरी कागदात गुंडाळायला लागला. मी घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही.

खिसा मात्र तू असा शिवलास की मला राग धरता येईना. पहिला शिवणीत घातलास, तो चालताना मांडीवर आपटायचा आणि ड्रेस एका बाजूला ओढायचा. तू मला गल्लीत चालायला लावून मागून बघत आलीस आणि घरी नेऊन तो उसवलास. म्हणालीस, वजन कापडाला नको, खांद्याला पायजे. आतून खांद्यापासून एक पट्टी सोडलीस, तिच्या टोकाला जुन्या जीन्सच्या कापडाचा उभा अरुंद खिसा, बॅटरीचं डोकं नखभर वर राहील असा. बाहेरून काही दिसत नव्हतं. मी वाकले, धावले, बसमध्ये पेंगले, ती हलली नाही. पहिल्यांदाच माझ्या अंगावर माझ्या कामाची एक वस्तू माझ्या मापानं बसवलेली होती. माझे सगळे कामावरचे ड्रेस तू एकेक करून मागवून घेतलेस आणि तसा खिसा लावून परत केलेस.

लाइनवरच्या बायकांनी पाहिलं आणि तुझ्याकडे रांग लागली. रांग लागल्यावर तुझा तोरा पाहण्यासारखा होता. आधी बॅटरी आणा, म्हणायचीस, मंग बगू. कुणी जाडी आणली तर परत पाठवायचीस. एकीनं विचारलं, भाभी, तुमच्या ड्रेसला आहे का खिसा? तू म्हणालीस, मला कुठं जायचंय? ते तू सहज म्हणालीस, पण त्या दिवशी पुढचा बराच वेळ मशिन जोरात चालवलंस. मी पाहत होते. विचारायला हवं होतं का, कोण जाणे. तुला विचारलेलं आवडायचं नाही.

दुसरं भांडण कधी मिटलंच नाही. बारीक बॅटरीचा उजेड पावलापुरता पडायचा. मला गल्ली टोकापर्यंत दिसायला हवी होती, पुढं कोण उभंय, कुठलं कुत्रं बसलंय ते. तू म्हणायचीस, पायाखाली बग, पुढचं पुढं. लांब झोत मारलास की तूच सगळ्यांना दिसतीस. मी म्हणायची, तुला काय जातंय सांगायला, तू दारात उभी असतेस. कारण मी निघायच्या वेळी तुझी नमाज झालेली असायची आणि तू दार उघडून उंबऱ्यावर उभी राहायचीस. मी तुझ्या दारावरून जायची, मुख्य रस्त्याला वळायची, मग तू आत जायचीस. आपण त्या वेळी बोलायचो नाही. मी नुसता उजेड तुझ्या पायांवर फिरवायची आणि तू 'हं' करायचीस. चारी बुजवली तरी ते चालूच राहिलं. दिवे तर अजूनही लागलेले नाहीत.

साखर तुला आधीपासूनच होती, ती तू चहात मोजून पीत होतीस असं सांगायचीस, आणि ते खोटं होतं. मग पाय सुजले, मग किडनीचं निघालं, मग डायलिसिस. मी कंपनीच्या बसमधून पिंपरीला उतरायची आणि सरळ दवाखान्यात तुझ्याकडे यायची. सलीमभाई गॅरेज बंद करून येईस्तोवर मी बसायची. तू झोपलेली असायचीस आणि मीही खुर्चीत बसल्या बसल्या झोपायची. त्या काळात आपण फार बोललो असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे आपण दोघी एकमेकींसमोर झोपा काढल्या.

एकदा मात्र तू जागी होतीस आणि तरतरीतही. तुझी टाचपिन कॉटखाली पडली. मला म्हणालीस, काढ. मी वाकले, जमिनीला गाल टेकवून आत पाहिलं, खिशातून बॅटरी काढली, डोकं फिरवलं, पिन शोधून दिली. तू पिन घेतलीसुद्धा नाहीस. नुसती माझ्या खिशाकडे बघत होतीस. "वाकलीस, आडवी झालीस, तरी पडली न्हाई बग," म्हणालीस. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीलाही ते सांगितलंस. मला अजून वाटतं, पिन तू मुद्दामच टाकली होतीस.

त्याच दिवशी मी निघताना तू विचारलंस, "सोडणार न्हाईस ना नोकरी?" मी म्हटलं, तू आधी बरी हो. तू परत विचारलंस. तेवढ्यात नर्स आली, तिनं मला बाहेर व्हायला सांगितलं, आणि मी बॅग उचलली. पुढच्या वेळी तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस.

तुला घरी आणलं त्या दिवशी मी बायकांत बसले होते. तुझी मुंबईची नणंद, तुझ्या गावच्या बायका, सगळ्या. मला कुणी परकं धरलं नाही. संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर जनाजा निघणार होता आणि आम्ही घरीच थांबणार होतो, बायका जात नाहीत. मला ते माहीत होतं, तरी मन कुठंतरी चप्पल शोधत होतं. इतकी वर्षं तू मला रस्त्याच्या वळणापर्यंत नजरेनं पोचवलंस आणि तुला पोचवायची वेळ आली तर मी चटईवर बसलेली. तेवढ्यात तुझा धाकटा भाऊ अन्वर दारात आला. कबरस्तानात जागा कोपऱ्यात मिळालीय, तिकडं दिवा पोचत नाही, कुणाकडं बॅटरी आहे का, मोबाइल धरून खाली उतरता येणार नाही, म्हणाला. सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. मी ड्रेसच्या आत हात घातला आणि काढून दिली. डोकं कसं फिरवायचं ते दाखवलं. त्यानं एकदा फिरवून पाहिलं आणि गेला.

तुझ्या नावानं फातिहा पढली त्या दिवशी सलीमभाईंनी मला दारात थांबवलं. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात ती होती. म्हणाले, कमलताई, तुमची बॅटरी. अन्वरनं खाली उतरताना दातात धरली होती, दोन्ही हात मोकळे पाहिजेत ना. बारीक होती म्हणून बरं झालं. हे सांगताना त्यांचा आवाज सरळ होता. बॅटरीच्या नक्षीत माती अडकलेली होती, ती त्यांनी पुसलेली नव्हती. मी म्हटलं, राहू द्या भाऊ तुमच्याकडंच. त्यांनी आग्रह केला नाही. लगेच परत खिशात ठेवली आणि वर हात दाबून धरला. त्या माणसाकडून ती मी कशी घेणार होते?

म्हणून माझ्याकडे बॅटरी नव्हती, जरीना. म्हणून परवा त्या बसस्टॉपवर बसून होते. दत्ताचा प्रश्न डोक्यात घुमत होता आणि मला त्याचं खरंही वाटत होतं. पन्नाशी जवळ आली. गुडघा अजून थंडीत बोलतो. उभं राहून राहून पोटऱ्या दगड होतात. घरी बसले तर कोण नावं ठेवणार? तुला विचारायची सोय नाही, आणि तू काय म्हणाली असतीस हे ठाऊक असलं तरी त्याचा उपयोग नाही. मेलेल्या माणसाचं म्हणणं आपणच त्याच्या तोंडी घालतो. तू असतीस तर माझ्याशी भांडली असतीस, आणि त्या भांडणात मला माझं काय ते कळलं असतं.

काल परत गेले. का गेले ते सांगता येणार नाही, रविवार होता, घरात दत्ता होता, बाहेर पडावंसं वाटलं. दुकानदारानं या वेळी टेपवाल्या ताईंचं विचारलं नाही, माझ्या तोंडावरून समजला असेल. त्यानं अगदी तीच काढून दिली, बोटाएवढी, डोकं फिरवायची. मी ड्रेसच्या आतल्या खिशात सोडली. अशी बसली, जणू इथंच राहत होती. नखभर डोकं वर. आणि त्याच क्षणी मला ती तिथं सहन होईना. त्या खिशात जी राहायची ती तुझ्याबरोबर खाली उतरली होती. दुसरी तिथं कशी ठेवू? काढून काउंटरवर ठेवली.

दुकानदार गोंधळला. म्हणाला, ताई, तुम्हाला नक्की कशाला पाहिजे ते सांगा, म्हणजे तशी देतो. मी म्हटलं, पहिल्या पाळीला जाते मी. आणि माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं. जायची म्हटलं नव्हतं, जाऊ का म्हटलं नव्हतं. जाते म्हटलं होतं. ज्याचा निकाल घरात लागत नव्हता, तो दुकानात असा तोंडातून बाहेर पडला. मग मी त्याला वरच्या फळीवरची जाडी काढायला सांगितली. तुझं मुसळ. पिशवीत घालून घरी आणलं, टेबलावर ठेवलं. दत्तानं ते उचलून तोलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोबाइलच्या वायरीला चार्जिंगला लावलं.

आज सोमवार. ते कुठल्याच खिशात मावत नाही, तू सांगितलंच होतंस, तेव्हा हातात धरून निघाले. बटण दाबलं तसा झोत थेट मुख्य रस्त्यापर्यंत गेला. सगळी गल्ली दिसली, जशी मला इतकी वर्षं बघायची होती. खांब दिसले, भिंतीशी झोपलेलं कुत्रं दिसलं, बुजवलेल्या चारीचा उंचवटा दिसला, टोकाला उभं कुणीच नाही ते दिसलं. आणि तुझं दार दिसलं, बंद. कडीला कुलूप. सलीमभाई अन्वरबरोबर गावाला गेलेत. पावलापुरता उजेड असता तर मान खाली घालून मी त्याच्यावरून निघून गेले असते. आता इथून, माझ्या दारातूनच, ते दिसत होतं, आणि जवळ जाईतो दिसतच राहिलं. तुझ्या उंबऱ्यासमोर थांबले. बस वळणावर हॉर्न वाजवत होती, वाजवू दिला. "न्हाई सोडत," म्हटलं, तुझ्यासारखंच, आणि कामाला गेले.